पातळ पटलातील व्यतिकरण

पातळ पटलातील व्यतिकरण ही प्रकाशकीतील एक घटना आहे. पारदर्शक पदार्थाच्या अतिशय पातळ थराच्या वरच्या आणि खालच्या अशा दोन्ही पृष्ठभागांवरून परावर्तित झालेले प्रकाशतरंग एकमेकांत मिसळतात. त्यामुळे काही रंग अधिक उजळ होतात, तर काही नाहीसे होतात. साबणाच्या फुग्यावरील रंग, पावसाळ्यात ओल्या डांबरी रस्त्यावर सांडलेल्या तेलाचे रंगीत पट्टे, पारव्याच्या मानेवरील हिरवी-जांभळी झळाळी आणि कॅमेऱ्याच्या भिंगावर दिसणारी जांभळट छटा ही या घटनेची परिचित उदाहरणे आहेत.

या रंगांचे वैशिष्ट्य असे, की ते कोणत्याही रंगद्रव्यामुळे निर्माण होत नाहीत. साबणाचे पाणी आणि तेल हे पदार्थ स्वतः जवळजवळ रंगहीन असतात. दिसणारा रंग पटलाची जाडी, त्याचा अपवर्तनांक आणि पाहण्याचा कोन यांवरून ठरतो. त्यामुळे पटलाचा रंग हा त्याच्या जाडीचे माप ठरतो. नॅनोमीटरमध्ये, म्हणजे मीटरच्या अब्जांश भागांत मोजावी लागणारी जाडी या रंगांमुळे नुसत्या डोळ्यांनाही जाणवते.

इतिहास

सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात रॉबर्ट बॉइल आणि रॉबर्ट हुक यांनी पातळ पटलांच्या रंगांचे पद्धतशीर वर्णन केले. हुक यांनी १६६५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'मायक्रोग्राफिया' या ग्रंथात अभ्रकाचे पापुद्रे, साबणाचे फुगे आणि काचेच्या दोन तुकड्यांमधील हवेचा थर यांतील रंगांची नोंद केली. रंग पदार्थावर नव्हे, तर थराच्या जाडीवर अवलंबून असतो, हे त्यांच्या लक्षात आले होते. मात्र इतकी सूक्ष्म जाडी मोजण्याचे साधन त्यांच्याकडे नव्हते.

ही अडचण आयझॅक न्यूटन यांनी दूर केली. अत्यल्प वक्रता असलेले बहिर्वक्र भिंग त्यांनी सपाट काचेवर ठेवले. दोहोंमधील हवेच्या थराची जाडी स्पर्शबिंदूपाशी शून्य असते आणि बाहेरच्या दिशेने ती हळूहळू वाढत जाते. या मांडणीत स्पर्शबिंदूभोवती रंगीत वलये दिसतात. भिंगाची वक्रता आणि वलयाची त्रिज्या यांवरून त्या ठिकाणच्या हवेच्या थराची जाडी भूमितीने काढता येते. ही मोजमापे १७०४ मध्ये 'ऑप्टिक्स' या ग्रंथात प्रसिद्ध झाली. प्रकाश कणांचा बनलेला आहे, असे मानणाऱ्या न्यूटन यांना वलयांमधील ठरावीक पुनरावृत्तीचे स्पष्टीकरण देणे कठीण गेले. प्रकाशकणांना ठरावीक अंतराने आळीपाळीने परावर्तित होण्याचे व पार जाण्याचे 'झटके' येतात, अशी कल्पना त्यांनी मांडली.

टॉमस यंग यांनी १८०१ मध्ये रॉयल सोसायटीपुढे दिलेल्या व्याख्यानात या वलयांचे स्पष्टीकरण तरंगांच्या व्यतिकरणाच्या साहाय्याने दिले. न्यूटन यांच्याच मोजमापांवरून त्यांनी निरनिराळ्या रंगांच्या तरंगलांब्या काढल्या. जांभळ्या प्रकाशासाठी सुमारे ४२० नॅनोमीटर आणि तांबड्या प्रकाशासाठी सुमारे ७०० नॅनोमीटर ही त्यांची मूल्ये आजच्या मूल्यांच्या बरीच जवळ आहेत. पुढे ओग्युस्तँ फ्रेनेल यांनी तरंग सिद्धांताला गणिती बैठक दिली.

मूलतत्त्व

प्रकाशकिरण पटलावर पडला असता त्याचा काही भाग वरच्या पृष्ठभागावरून लगेच परावर्तित होतो. उरलेला भाग पटलात शिरतो, खालच्या पृष्ठभागावरून परावर्तित होतो आणि पुन्हा वरून बाहेर पडतो. या दुसऱ्या भागाने पटलाच्या आत जाण्यायेण्याचे जादा अंतर तोडलेले असते. या दोन मार्गांतील फरकास पथांतर म्हणतात. एका तरंगाचा उंचवटा दुसऱ्याच्या उंचवट्यावर आला, तर दोन्ही मिळून अधिक तीव्र प्रकाश मिळतो. हे विधायक व्यतिकरण होय. एकाचा उंचवटा दुसऱ्याच्या खळग्यावर आला, तर दोन्ही एकमेकांना निष्प्रभ करतात. हे विनाशक व्यतिकरण होय.

पांढऱ्या प्रकाशात अनेक तरंगलांब्या असतात. एखाद्या ठरावीक जाडीला त्यांपैकी काहींचे विधायक, तर काहींचे विनाशक व्यतिकरण होते. म्हणून परावर्तित प्रकाश पांढरा न राहता रंगीत दिसतो. पांढऱ्या प्रकाशातून काही रंग वजा झाल्यावर जे उरते ते डोळ्याला दिसते. त्यामुळे फुग्यावर किरमिजी किंवा गुलाबी अशा इंद्रधनुष्यात नसलेल्या छटाही आढळतात.

विनाशक व्यतिकरणात प्रकाशाची ऊर्जा नष्ट होत नाही. पटल प्रकाश शोषून घेत नसेल, तर परावर्तनात जी तरंगलांबी कमी पडते, ती पारगमित प्रकाशात तेवढीच वाढलेली असते. म्हणूनच एकाच पटलाचे परावर्तित व पारगमित रंग परस्परपूरक असतात.

परावर्तनातील कलाबदल

व्यतिकरणाचा निर्णय केवळ पथांतरावर होत नाही. कमी अपवर्तनांकाच्या माध्यमातून येणारा प्रकाश अधिक अपवर्तनांकाच्या माध्यमाच्या पृष्ठभागावरून परावर्तित झाला, तर त्याचा तरंग उलटतो. म्हणजेच त्याच्या कलेत अर्ध्या तरंगलांबीइतका फरक पडतो. भिंतीला घट्ट बांधलेल्या दोरीला झटका दिल्यास उंचवट्याच्या रूपात गेलेली लाट खळग्याच्या रूपात परतते, तसाच हा प्रकार आहे. अधिक अपवर्तनांकाकडून कमी अपवर्तनांकाकडे जाताना होणाऱ्या परावर्तनात असा बदल होत नाही.

हवेतील साबणाच्या पटलाच्या बाबतीत वरच्या पृष्ठभागावर तरंग उलटतो, खालच्या पृष्ठभागावर उलटत नाही. त्यामुळे पटल प्रकाशाच्या तरंगलांबीच्या मानाने फारच पातळ झाले, तर पथांतर जवळजवळ शून्य असूनही दोन्ही तरंग विरुद्ध कलेत येतात आणि पटल काळे दिसते. याचा पडताळा तर्कानेही येतो. जाडी शून्य झाली म्हणजे पटल उरतच नाही आणि जे अस्तित्वात नाही त्यावरून परावर्तन होणे शक्य नाही. म्हणून शून्याकडे जाणाऱ्या जाडीला दोन्ही परावर्तनांनी एकमेकांना पुसून टाकणे आवश्यक ठरते.

न्यूटनच्या वलयांचा मध्यबिंदू परावर्तित प्रकाशात काळा दिसतो, त्याचे कारणही हेच आहे. यंग यांनी या स्पष्टीकरणाची निर्णायक चाचणी घेतली. त्यांनी क्राउन काच आणि तिच्याहून अधिक अपवर्तनांकाची फ्लिंट काच यांच्यामध्ये सॅसाफ्रास वनस्पतीचे तेल भरले. या तेलाचा अपवर्तनांक दोन्ही काचांच्या दरम्यानचा असतो. त्यामुळे दोन्ही पृष्ठभागांवर सारख्याच प्रकारचे परावर्तन होते आणि कलेतील फरक उरत नाही. अपेक्षेप्रमाणे वलयांचा मध्यबिंदू काळ्याऐवजी उजळ दिसला.

गणिती मांडणी

पटलाचा अपवर्तनांक अ, जाडी ज, पटलाच्या आतील किरणाने लंबाशी केलेला कोन क आणि निर्वातातील तरंगलांबी त मानल्यास, दोन्ही परावर्तित किरणांमधील प्रकाशीय पथांतर पुढीलप्रमाणे मिळते :

पथांतर = २ × अ × ज × कोज्या क

दोनपैकी एकाच पृष्ठभागावर तरंग उलटत असेल (उदा. हवेतील साबणाचे पटल, पाण्यावरील तेल), तर म = ०, १, २, … या पूर्णांकांसाठी अटी अशा आहेत :

विधायक व्यतिकरण : २ × अ × ज × कोज्या क = (म + १/२) × त
विनाशक व्यतिकरण : २ × अ × ज × कोज्या क = म × त

दोन्ही पृष्ठभागांवर तरंग उलटत असेल (उदा. काचेवरील मॅग्नेशियम फ्लोराइडचा लेप) किंवा कोठेच उलटत नसेल, तर या अटींची अदलाबदल होते.

उदाहरणार्थ, साबणाच्या पाण्याचा अपवर्तनांक १.३३ आणि पटलाची जाडी ३०० नॅनोमीटर असल्यास, सरळ समोरून पाहताना पथांतर ७९८ नॅनोमीटर येते. म = १ घेतल्यास विधायक व्यतिकरण ५३२ नॅनोमीटरला, म्हणजे हिरव्या रंगात होते. विनाशक व्यतिकरण ७९८ व ३९९ नॅनोमीटरला, म्हणजे दृश्य वर्णपटाच्या दोन्ही टोकांना होते. त्यामुळे पटल हिरवट दिसते. त्याच पटलावर प्रकाश ४५ अंशांच्या कोनातून पडल्यास पटलाच्या आतील किरण लंबाशी सुमारे ३२ अंशांचा कोन करतो, पथांतर सुमारे ६७६ नॅनोमीटरपर्यंत घटते आणि विधायक व्यतिकरण ४५१ नॅनोमीटरला, म्हणजे निळ्या रंगात होते. तिरप्या दिशेने पाहिल्यास रंग नेहमी कमी तरंगलांबीकडे सरकतो. तिरपा किरण पटलाच्या आत अधिक अंतर तोडतो, म्हणून पथांतर वाढेल, असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु तेवढ्या वेळात वरून परावर्तित झालेला किरणही हवेत पुढे गेलेला असतो. ते अंतर वजा केल्यावर निव्वळ पथांतर कमीच भरते.

पटल पातळ असण्याची आवश्यकता

खिडकीच्या काचेलाही दोन पृष्ठभाग असतात, तरीही तिच्यावर असे रंग दिसत नाहीत. एक मिलिमीटर जाडीच्या काचेत पथांतर सुमारे ३ मिलिमीटर, म्हणजे हिरव्या प्रकाशाच्या पाच हजारांहून अधिक तरंगलांब्यांइतके असते. इतक्या मोठ्या पथांतराला वर्णपटातील उजळ आणि काळ्या जागा एकमेकींपासून जेमतेम ०.१ नॅनोमीटर अंतरावर येतात. डोळ्याला त्या वेगळ्या दिसत नाहीत आणि सर्व रंगांची सरासरी होऊन पांढरा प्रकाशच दिसतो. सर्वसाधारणपणे पटलाची जाडी सुमारे १०० नॅनोमीटर ते काही मायक्रोमीटर असेल, तरच पांढऱ्या प्रकाशात रंग स्पष्ट दिसतात. सोडियमच्या दिव्यासारख्या एकरंगी प्रकाशात मात्र याहून बऱ्याच जाड थरांतही उजळ आणि काळे पट्टे पाहता येतात.

प्रमुख उदाहरणे

साबणाचे पटल

तारेची कडी साबणाच्या पाण्यात बुडवून उभी धरल्यास गुरुत्वाकर्षणामुळे पटलातील पाणी खाली निथळते. पटल वर पातळ आणि खाली जाड होते व त्यावर आडवे रंगीत पट्टे उमटतात. काही वेळाने सर्वांत वरचा भाग प्रथम रुपेरी पांढरा आणि नंतर काळा होतो. रुपेरी भागाची जाडी सुमारे १०० नॅनोमीटर असते. काळा भाग त्याहून कितीतरी पातळ असतो आणि सर्वांत पातळ काळ्या पटलांची जाडी १० नॅनोमीटरच्याही आत येते. हा काळा भाग म्हणजे पटलाला पडलेले भोक नव्हे. तेथे पटल शाबूत असते. केवळ त्यावरून प्रकाश परावर्तित होत नाही. काळा भाग पसरू लागणे हे सामान्यतः पटल लवकरच फुटणार असल्याचे लक्षण असते.

पाण्यावरील तेल

तेलाचा अपवर्तनांक साधारणपणे पाण्याहून अधिक असल्याने येथेही एकाच पृष्ठभागावर तरंग उलटतो. ओल्या डांबरी रस्त्यावर हे रंग विशेष उठून दिसतात, कारण तेलातून पार गेलेला प्रकाश खालचे काळे डांबर शोषून घेते आणि केवळ परावर्तित रंगच डोळ्यापर्यंत पोहोचतात.

समुद्रावरील तेलगळतीचा अंदाज घेण्यासाठी या रंगांचा प्रत्यक्ष उपयोग होतो. उत्तर समुद्राच्या परिसरातील देशांच्या बॉन करारानुसार विमानातून पाहणी करताना वापरल्या जाणाऱ्या संकेतावलीत रुपेरी-करडी चमक म्हणजे ०.०४ ते ०.३ मायक्रोमीटर, तर इंद्रधनुषी रंग म्हणजे ०.३ ते ५ मायक्रोमीटर जाडी, असे मानले जाते. एक चौरस किलोमीटरवर पसरलेल्या ०.३ मायक्रोमीटर जाडीच्या थरात ३०० लिटर तेल असते. त्यामुळे तवंगाचा रंग आणि क्षेत्रफळ यांवरून सांडलेल्या तेलाचे प्रमाण ठरवता येते.

तापवलेले पोलाद

घासून चकचकीत केलेले पोलाद तापवले असता त्यावर लोहाच्या ऑक्साइडचा पातळ थर तयार होतो. तापमान वाढते तसा हा थर जाड होत जातो आणि पृष्ठभाग क्रमाने फिकट पिवळा, तपकिरी, जांभळा व निळा दिसू लागतो. फिकट पिवळी छटा साधारण २२० ते २३० अंश सेल्सिअसला, तर निळी छटा ३०० अंशांच्या सुमारास येते. तापमापक उपलब्ध नसतानाही लोहार आणि हत्यारे बनवणारे कारागीर या छटांवरून पोलाद किती तापले आहे हे ओळखत आले आहेत. हत्याराची धार टिकणार की ठिसूळ होऊन तुटणार, हे या अंदाजावर अवलंबून असते.

सजीवसृष्टी

पारव्याच्या मानेवरील पिसांत केराटिन या प्रथिनाचा पातळ थर असतो आणि त्यातील व्यतिकरणामुळे पारवा मान वळवतो तशी तिची झळाळी हिरव्याकडून जांभळ्याकडे बदलते. शिंपल्याच्या आतील बाजूस कॅल्शियम कार्बोनेटच्या सूक्ष्म पापुद्र्यांचे, तर अनेक माशांच्या त्वचेत ग्वानिनच्या स्फटिकांचे एकावर एक थर असतात. माशांची चंदेरी चकाकी अशा अनेक थरांतील व्यतिकरणातून निर्माण होते. मोरपिसाचे रंगही संरचनेतून येतात. मात्र तेथे एकच पातळ पटल नसून मेलॅनिनच्या सूक्ष्म कांड्यांची जाळीदार रचना असते.

उपयोग

अपरावर्ती लेप

साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४.३ टक्के प्रकाश परावर्तित होतो. हे प्रमाण किरकोळ वाटले, तरी दहा पृष्ठभाग असलेल्या भिंगसंचातून केवळ ६५ टक्क्यांच्या आसपास प्रकाश पार जातो आणि आत इतस्ततः परावर्तित झालेला प्रकाश प्रतिमा फिकट करतो.

जुन्या, डागाळलेल्या काचेतून नव्या काचेपेक्षा अधिक प्रकाश पार जातो, असे लॉर्ड रॅली यांना १८८६ मध्ये आढळले. काळाच्या ओघात काचेवर तयार झालेला कमी अपवर्तनांकाचा थर याला कारणीभूत होता. हॅरोल्ड डेनिस टेलर यांनी १९०४ मध्ये रसायनांच्या साहाय्याने असा थर मुद्दाम निर्माण करण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. जर्मनीतील झाइस या कंपनीत अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ मध्ये निर्वातात लेप चढवण्याची पद्धत विकसित केली. अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक या कंपनीत कॅथरिन ब्लॉजेट यांनी १९३८ मध्ये एकेका रेणूच्या जाडीचे ४४ थर काचेवर चढवून तिच्यावरील परावर्तन जवळजवळ नाहीसे केले. त्यांचा लेप सहज पुसला जाई, त्यामुळे व्यवहारात निर्वातातील टिकाऊ लेपच रूढ झाले. मात्र थरांच्या रंगांवरून जाडी मोजण्याची ब्लॉजेट यांची रंगपट्टी संशोधनात उपयुक्त ठरली.

प्रचलित लेपांपैकी मॅग्नेशियम फ्लोराइडचा अपवर्तनांक १.३८ आहे. त्याचा सुमारे १०० नॅनोमीटर जाडीचा थर हिरव्या प्रकाशासाठी पाव तरंगलांबीइतका भरतो आणि परावर्तन ४.३ टक्क्यांवरून सुमारे १.३ टक्क्यांवर आणतो. वरील दहा पृष्ठभागांच्या भिंगसंचातून मग सुमारे ८८ टक्के प्रकाश पार जातो. वर्णपटाच्या दोन्ही टोकांचे परावर्तन पूर्णपणे थांबत नसल्याने अशा भिंगावर जांभळट छटा दिसते. चष्म्याच्या 'अँटी-ग्लेअर' काचांवर असे अनेक थर असतात.

सौर घट

सिलिकॉनच्या उघड्या, गुळगुळीत पृष्ठभागावरून सुमारे एक तृतीयांश प्रकाश परावर्तित होऊन वाया जातो. त्यावर सुमारे ७५ नॅनोमीटर जाडीचा सिलिकॉन नायट्राइडचा थर दिल्यास तांबड्या-नारिंगी भागातील परावर्तन अत्यल्प होते आणि तो प्रकाश वीजनिर्मितीसाठी उपलब्ध होतो. निळ्या भागाचे थोडे परावर्तन शिल्लक राहते, म्हणून सौर पट्ट्या निळसर दिसतात.

बहुथरी आरसे

अधिक व कमी अपवर्तनांकाचे पाव तरंगलांबी जाडीचे थर आळीपाळीने चढवल्यास सर्व पृष्ठभागांवरील परावर्तने एकाच कलेत येतात आणि धातूच्या आरशाहून कितीतरी अधिक परावर्तक आरसा तयार होतो. गुरुत्वीय तरंग टिपणाऱ्या लायगो वेधशाळांतील आरसे याच प्रकारचे असून त्यांवर सिलिका व टँटलम ऑक्साइडचे थर असतात. या थरांतील अणूंची औष्णिक हालचाल ही अशा वेधशाळांच्या संवेदनक्षमतेवरील एक महत्त्वाची मर्यादा आहे. महाराष्ट्रात हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ परिसरात नियोजित असलेल्या लायगो-इंडिया वेधशाळेला केंद्र सरकारने २०२३ मध्ये मंजुरी दिली.

चलनी नोटांची सुरक्षितता

भारताच्या ५०० रुपयांच्या नोटेवरील सुरक्षा धागा आणि खालच्या उजव्या बाजूचा आकडा नोट तिरपी केल्यावर हिरव्याचा निळा होतो. अशा रंग बदलणाऱ्या शाईत सामान्यतः पातळ थरांचे बनलेले सूक्ष्म कण असतात. छायाप्रत काढणाऱ्या यंत्राला एका कोनातून दिसणारा एकच रंग टिपता येतो, त्यामुळे तिरपी केल्यावर होणारा रंगबदल नकली नोटेत येत नाही.

जाडीचे मापन व त्याच्या मर्यादा

पदवी अभ्यासक्रमाच्या प्रयोगशाळांत न्यूटनच्या वलयांचा प्रयोग सोडियमच्या दिव्याखाली केला जातो. काळ्या वलयाच्या त्रिज्येचा वर्ग हा वलयाचा क्रमांक, तरंगलांबी आणि भिंगाची वक्रतात्रिज्या यांच्या गुणाकाराइतका असतो. एक मीटर वक्रतात्रिज्येच्या भिंगासाठी दहाव्या काळ्या वलयाची त्रिज्या सुमारे २.४ मिलिमीटर येते. अर्धा मायक्रोमीटरहून थोडी अधिक असलेली तरंगलांबी अशा प्रकारे साध्या सूक्ष्मदर्शकाने मोजता येते.

केवळ एका रंगावरून मात्र जाडी निःसंदिग्धपणे ठरत नाही. ५३२ नॅनोमीटरच्या हिरव्या प्रकाशाचे विधायक व्यतिकरण साबणाच्या पटलात १००, ३०० आणि ५०० नॅनोमीटर अशा तिन्ही जाड्यांना होते. नेमकी जाडी कोणती, हे ठरवण्यासाठी काळ्या भागापासून रंगांचा क्रम मोजावा लागतो किंवा संपूर्ण वर्णपटातील परावर्तन तपासावे लागते.

इतर रंगनिर्मितीपासूनचे वेगळेपण

पातळ पटलातील रंगांना अनेकदा इंद्रधनुष्याचे रंग म्हटले जाते. परंतु दोहोंची कारणे भिन्न आहेत. इंद्रधनुष्यात पावसाच्या थेंबांत निरनिराळ्या रंगांचे अपवर्तन वेगवेगळ्या प्रमाणात होते. सीडीच्या पृष्ठभागावरील रंग जवळजवळ असलेल्या सूक्ष्म रेषांवरून होणाऱ्या विवर्तनामुळे दिसतात. पातळ पटलात पदार्थाचे दोन पृष्ठभाग आणि त्यांमधील प्रकाशाच्या तरंगलांबीशी तुलनीय अंतर एवढेच पुरेसे असते. साबणाचा फुगा फुटल्यावर खाली पडणाऱ्या थेंबाला रंग नसतो. पाणी तेच असते, परंतु ती जाडी राहिलेली नसते.